हळदी रंगाच्या दोन खुर्च्या

मृणालचा फोन आला तेव्हा मी कचऱ्याचा डबा ओढत फाटकापाशी नेत होते. आमच्याकडे एका आठवड्यात एका रंगाचा डबा बाहेर काढायचा, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या. कुठल्या आठवड्यात कुठला, हे इतकी वर्षं नॉटिंगहॅममध्ये काढूनही माझ्या डोक्यात बसलेलं नाही. ते मला आदल्या संध्याकाळी अच्युत फोन करून सांगायचा. आदल्या संध्याकाळीही त्याने सांगितलं होतं, म्हणून डबा बरोबर होता. "मावशी, बाबा गेली," मृणाल म्हणाली. अच्युतची ही पोर इथेच जन्मलेली, इथेच वाढलेली. 'गेला', 'गेली', 'गेले' यांचा गोंधळ तिच्या पाचवीलाच पुजलेला. एरवी मी तिला लगेच टोकलं असतं. त्या दिवशी फक्त "कधी?" एवढंच विचारलं. "अर्ली मॉर्निंग. झोपेतच. आईने हाक मारली तर..." पुढचं तिला बोलता येईना आणि मलाही ऐकवेना. मी घरात येऊन चपला न काढताच सोफ्यावर बसले. आयुष्यभर मी भूल देण्याचं काम केलं. माणसाला शांत झोपवायला काय काय लागतं ते मला माहीत आहे. हा पठ्ठ्या कशाचीही मदत न घेता झोपून गेला. पहिल्यांदा मला त्याचा रागच आला, आणि मग खूप रडू आलं.

आता सहा-सात आठवडे झाले. राग गेलाय, रडू अधूनमधून येतं, पण जास्त करून हसूच येतं, कारण अच्युतची कुठलीही आठवण काढली की तिच्यात कुठेतरी एक खुर्ची निघतेच.

अच्युत हाडांचा सर्जन. नागपूरच्या मेडिकल कॉलेजात तो माझ्या पुढे होता, नंतर योगायोगाने दोघंही नॉटिंगहॅमच्या एकाच हॉस्पिटलात लागलो आणि निवृत्त होईपर्यंत एकाच टेबलाच्या दोन टोकांना उभे राहिलो. तो खुब्याच्या बाजूला, मी डोक्याच्या. या देशात सर्जनला डॉक्टर म्हणत नाहीत, मिस्टर म्हणतात. नागपूरला त्याच्या आईला हे कळलं तेव्हा माउलीला वाटलं, मुलाची डिग्री काढून घेतली. हातात हातोडा, समोर उघडलेला खुबा, आणि तोंडाने अखंड चालू असायचं ते इटलीतल्या एका फर्निचरवाल्याचं चरित्र. भूल दिलेला पेशंट आणि भूल देणारी मी, दोघांनाही पळून जायची सोय नव्हती. पेशंट निदान झोपलेला तरी असायचा.

हे वेड लागलं तेव्हा मी तिथे हजर होते. कृत्रिम सांध्यांवरच्या एका परिषदेसाठी आम्ही मिलानला गेलो होतो. अच्युतबरोबर त्याची बायको शैलाही आली होती. शेवटच्या दिवशी सगळे मोठं चर्च बघायला निघाले आणि हा एका दुकानाच्या काचेसमोर खिळला. काचेमागे एक आरामखुर्ची होती, पण अर्धीच. कलिंगड कापावं तशी उभी कापून ठेवलेली. आत लाकडाचा तुकडा नाही, खिळा नाही, स्प्रिंग नाही. बारीक स्टीलच्या सळ्यांचा एक सांगाडा आणि त्याच्याभोवती एकसंध ओतलेला फोम. "सुमन, इकडे ये. बघ! हा सांगाडा, हे मांस, आणि वरून कातडी. अगं, हा माणूस माझंच काम करतोय!" शैलाने त्याला दंडाला धरून ओढलं. "अहो, चला, ते चर्च बंद होईल." चर्च बंद झालं. आम्ही दुकानात होतो, आणि दुकानातल्या बाई मोडक्या इंग्रजीत अच्युतला त्या कारखान्याची गोष्ट सांगत होत्या. ती गोष्ट पुढे मी इतक्या वेळा ऐकली की मला आता ती माझ्या माहेरचीच वाटते.

गोष्ट ओरेस्ते नावाच्या माणसाची. मिलानच्या उत्तरेला गावंच्या गावं सुतारांची आहेत, त्यातल्या एका गावातला हा. त्याचे वडील अक्रोडाच्या लाकडाची कपाटं करायचे, वेलबुट्टी कोरलेली, मुलीच्या लग्नात द्यायची. ("म्हणजे रुखवतच," इथे शैला म्हणायची.) चार माणसांनी उचलायचं आणि चार पिढ्यांनी हलवायचं नाही, असं ते काम. ओरेस्तेला कोरीवकामाचा मनस्वी कंटाळा. युद्ध संपलं, लग्नं लागेनात, कपाटं विकली जाईनात, तेव्हा पोटासाठी तो मोटारींच्या फाटक्या सीट दुरुस्त करायला लागला. तिथे त्याच्या हाती पहिल्यांदा फोम आला. दाबला की बसतो, सोडला की उठतो. त्याला वाटलं, मोटारीत माणूस फोमवर बसतो, मग घरात लाकडाच्या खोक्यावर का? वडिलांनी त्याला वेड्यात काढलं. लाकूड नसलेलं फर्निचर म्हणजे हाडं नसलेला माणूस, असं ते म्हणाले. म्हणून मग त्याने स्टीलची हाडं घातली. अच्युत हे सांगताना दर वेळी असा खुलायचा की जणू वडिलांचा तो टोमणा त्यालाच बसला होता आणि उत्तरही त्यानेच दिलं होतं.

मग ओरेस्तेने साचे केले. खुर्ची जोडायची नाही, ओतायची. आणि तिला पाय द्यायचे नाहीत, जमिनीवर थेट टेकवायची, म्हणजे खोलीत ती वस्तू म्हणून उभी न राहता नुसती बसलेली दिसते. कापडही खिळ्यांनी ठोकायचं नाही, चेनने काढता-घालता यायला हवं. हे काढायचं कापड म्हणजे त्या काळी म्हणे मोठीच क्रांती होती. शैलाला ती क्रांती कधीच पटली नाही. "यात नवीन काय? आमच्याकडे गादीला अभ्रा कायमच होता, दर महिन्याला धुवायचा." अच्युत म्हणायचा, "गादीला असतो गं, खुर्चीला होता का?" ती म्हणायची, "आमच्याकडे खुर्ची एकच, ती वडिलांची. तिला अभ्रा घालायची कुणाची छाती नव्हती." हे संभाषण मी नॉटिंगहॅममध्ये, मृणालच्या लंडनमधल्या स्टॅनमोरच्या घरी आणि एकदा चक्क विमानतळाच्या रांगेत ऐकलेलं आहे.

फोमच्या पाठोपाठ ओरेस्तेने प्लॅस्टिकची खुर्ची केली. एकाच साच्यातून निघणारी, एकीवर एक रचता येणारी, पावसात ठेवा, उन्हात ठेवा. अच्युतचा सिद्धान्त असा, की आपल्याकडे लग्नाच्या मांडवात ज्या खुर्च्यांच्या चळती असतात, त्या सगळ्या या खुर्चीच्या नाती-पणत्या. हा सिद्धान्त त्याने आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात, शाळेच्या हॉलमध्ये, हॉलमधलीच एक खुर्ची डोक्यावर उचलून मांडला होता. त्याच्या भाषणाचं नाव आम्ही 'खुर्चीकीर्तन' ठेवलं होतं. पूर्वरंगात लाकूड आणि वडील, उत्तररंगात फोम आणि प्लॅस्टिक, मध्येच चहा. पोरं आरतीसाठी चुळबुळत असायची, आया घड्याळाकडे बघायच्या आणि प्रसादाचे मोदक गार व्हायचे. पण दर वर्षी कुणीतरी नवीन यायचं, पुण्याहून कंपनीच्या व्हिसावर आलेलं एखादं जोडपं, आणि ते तोंड उघडं टाकून ऐकत बसायचं. अच्युतला तेवढं पुरायचं. कीर्तनाचा शेवट ठरलेला. तेल महागलं, तेलापासून होणारा फोम महागला, प्लॅस्टिक महागलं, कारखाना बसायची वेळ आली. लोक म्हणाले, पुन्हा कोरीव कपाटं कर. ओरेस्ते म्हणाला, करणार नाही. त्याची बायको अभ्रे शिवायची. तिने जुन्या खुर्च्यांसाठी नव्या रंगांचे अभ्रे शिवून विकायला काढले, खुर्ची तीच आणि कापड नवं. त्या अभ्र्यांवर कारखाना तगला. टाळ्या, आरती, मोदक.

अशा दोन खुर्च्या अच्युतच्या घरी आल्या त्या डर्बीच्या एका आर्किटेक्टकडून. म्हातारा घर आवरत होता. रंग अगदी हळदीचा. गाडीच्या टपावर दोरीने बांधून आम्ही त्या आणल्या तेव्हा शैला दारात उभी होती. म्हणाली, "दोघींना हळद लागलीये. ओवाळून आत घेऊ का?" पुढच्या खोलीत, बागेकडच्या खिडकीशी, त्या शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या. तेव्हापासून संध्याकाळचा चहा त्या दोघांनी तिथेच घेतला. पाहुण्यांची मात्र पंचाईत. आपली माणसं नव्या सोफ्यावर चादर घालणारी, चादरीवर टॉवेल घालणारी. त्यांना हळदी रंगाच्या खुर्चीवर पोहे खायला बसवायचं म्हणजे त्यांचा जीव टांगणीला. आणि खुर्ची इतकी बुटकी, की बसलेला माणूस आपणहून उठायचा नाही. मंडळाचे एक अध्यक्ष एकदा बसले ते दोघांनी हात देऊन ओढेपर्यंत तिथेच होते. अच्युत म्हणायचा, "पाहुणा लवकर उठू नये अशीच तर खुर्ची हवी." शैला दर वेळी कपाळाला हात लावायची. तिची चेष्टा कधी संपली नाही, म्हणून तिला त्या खुर्च्यांचा कंटाळा आहे असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो, अच्युतसकट.

निवृत्त झाल्यावर ती दोघं आणि मी ओरेस्तेच्या गावी जाऊन आलो. कारखाना केव्हाच दुसऱ्यांच्या हातात गेलेला, पण घराशेजारच्या एका लांबट खोलीत जुने साचे जपून ठेवले होते आणि ओरेस्तेची मुलगी, आमच्याच वयाची, ती खोली उघडून दाखवायची. अच्युत देवळात शिरावं तसा आत शिरला. बूट काढायचेच राहिले होते फक्त. शैलाने एका उघडलेल्या साच्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "हा तर मोदकाचा साचा! दोन पाकळ्या, मध्ये सारण." त्या बाईंना मोदक समजावून सांगण्यात बराच वेळ गेला. निघताना शैलाने सहज विचारलं, वडील स्वतः कुठल्या खुर्चीवर बसायचे? बाई हसल्या आणि आम्हाला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. खिडकीशी एक उंच, सरळ पाठीची लाकडी खुर्ची होती, बैठक गवताने विणलेली. वडिलांच्या आईची. म्हातारपणी पाठ धरायची, खालून उठता यायचं नाही, मग ते रोज इथेच बसायचे, असं त्यांनी सांगितलं. त्या वर्षीच्या कीर्तनात साचे आले, मोदकसुद्धा आला, पण ती गवताची खुर्ची आली नाही. शैला पहिल्या रांगेतून म्हणाली, "आणि तो स्वतः बसायचा कशावर?" अच्युत म्हणाला, "आरतीची वेळ झालीये." पुढे हे दर वर्षी चालायचं.

मग शैलाचा खुबा गेला. हाडांच्या डॉक्टरच्या बायकोचाच खुबा जावा, यावर मंडळात जे विनोद व्हायचे ते सगळे होऊन गेले. ऑपरेशन अच्युतच्याच हाताखाली तयार झालेल्या सर्जनने केलं, चांगलं केलं. पण त्याआधी घर बघायला हॉस्पिटलची ऑक्युपेशनल थेरपिस्ट आली, जेम्मा नावाची तरुण मुलगी. खुबा बदललेल्या माणसाने बुटक्या खुर्चीवर बसायचं नसतं. गुडघ्यापेक्षा खुबा वर हवा, नाहीतर सांधा निखळायची भीती. म्हणून ती घरातली बसायची प्रत्येक जागा टेपने मोजते. संडासाची सीट मोजली, पलंग मोजला, आणि मग पुढच्या खोलीत हळदी खुर्चीपाशी गुडघे टेकून बसली. टेप लावायचीसुद्धा गरज नव्हती. ही चालणार नाही, ती म्हणाली. एरवी आम्ही पायांखाली उंचीचे ठोकळे घालतो, पण हिला तर पायच नाहीत. अच्युत म्हणाला, "नाहीतच. तोच तर मुद्दा आहे," आणि ओरेस्तेची गोष्ट सुरू करणार, तेवढ्यात ती नम्रपणे म्हणाली, की मिस्टर अच्युत, आम्हाला ट्रेनिंगमध्ये हे लेक्चर तुम्हीच दिलं होतं. बुटकी खुर्ची म्हणजे वैरीण, असं तुम्हीच म्हणाला होतात. मला हसू आवरेना. अच्युतला मात्र हसू आलं नाही.

हॉस्पिटलने एक हिरवी उंच खुर्ची पाठवली, पुसायला सोपी, रेक्झिनची. अच्युतने ती पुढच्या खोलीत येऊ दिली नाही. तिथे ती विद्रूप दिसते म्हणाला. ती जेवणघरात गेली, फ्रीजच्या समोर. शैला तिथे बसायला लागली. पहिले काही आठवडे ठीक होतं, नियमच होता. नियमाचे आठवडे उलटले, पण तिच्या मनातली भीती गेली नाही, दुसऱ्या पायाचा गुडघाही कुरकुरायला लागला होता, आणि बुटक्या खुर्चीवर बसणं आता तिच्याच्याने कधीच होणार नव्हतं हे तिघांनाही कळत होतं. मी जायची तेव्हा काय दिसायचं? शैला फ्रीजकडे तोंड करून चहा पितेय. अच्युत तिच्या शेजारी उभ्याने कप तोंडाला लावतोय, दोन शब्द बोलतोय, आणि पुढच्या खोलीत निघून जातोय. तिकडे दोन खुर्च्या, एक भरलेली, एक रिकामी. इतक्या वर्षांचा त्यांचा चहा असा दोन खोल्यांत फाटला होता. मला ते बघवेना.

मी तोंडाची फटकळ. एका रविवारी बागेत त्याला गाठलं आणि सरळ विचारलं, "अच्युत, तू खुर्ची जपतोयस की बायको?" तो भडकलाच. "तुला त्यातलं काही कळत नाही. उंची बदलली की ती खुर्ची ती राहत नाही. उद्या तू म्हणशील, ताजमहालाला पत्र्याची शेड घाला, बायकोला ऊन लागतंय." मी म्हटलं, "ताजमहाल कुणासाठी बांधला ते तरी आठवतंय का?" तो ताडताड आत निघून गेला. बरेच दिवस आमचं बोलणं बंद होतं. माझा कचऱ्याचा डबा दोनदा चुकला.

त्या दिवसांत मी तो घरी नसताना शैलाकडे जायची. एकदा ती हिरव्या खुर्चीत बसून मटार सोलत होती. मी म्हटलं, "चला, निदान त्या बुटक्या खुर्चीतून तरी तुझी सुटका झाली." तिचे हात थांबले. म्हणाली, "सुटका कसली गं? मला तिथेच बसायचंय. त्या खिडकीत दुपारनंतर ऊन येतं. आणि ती खुर्ची... अगं, मला आवडते ती खुर्ची. पाठीला कशी कवेत घेते. मी आयुष्यभर चेष्टा केली, आता कुठल्या तोंडाने सांगू? त्यांना वाटतं मी खूश आहे इथे. आणि त्यांची ती वस्तू आहे, त्यांनी देवासारखी जपलीये. माझ्यासाठी तिची मोडतोड करा असं मी नाही म्हणणार." मी तिला म्हटलं, "तू नको म्हणूस. मी म्हणते." तिने मला शपथ घातली. शपथ मी ऐकून घेतली, पाळली नाही. आयुष्यात ज्या थोड्या गोष्टींचा मला अभिमान वाटतो त्यातली ही एक.

मी तिथून निघाले तेव्हा अच्युत पेपर घेऊन घरी येत होता. मी कोपऱ्यावरच त्याला सांगितलं, शैलाला ती खुर्ची आवडते. तो आधी हसला. "शैलाला? तिला हळद लागलीये म्हणणाऱ्या शैलाला?" मी तिचं सगळं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, ते उन्हाचं, ते कवेत घेण्याचं. तो ऐकत राहिला. पेपर काखेत, एक हात खिशात... "मला वाटलं, ती सुटली," एवढंच तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, "मला खरंच वाटलं गं, की ती सुटली." त्याचे डोळे भरून आले होते. रस्त्यावर माणसं होती म्हणून मी मोठ्याने म्हटलं, "चल, थंडी वाजतेय."

दुसऱ्या दिवशी त्याने शैलाला उभं केलं, जुनी टेप काढली आणि गुडघ्यामागच्या खळीपासून टाचेपर्यंत तिचा पाय मोजला, जसा हजारो पेशंटांचा मोजला असेल तसा. "हे काय चाललंय?" असं तिने विचारलं, तर ऑपरेशनआधीच्या तपासणीच्या थाटात म्हणाला, "प्री-ऑप." मग तो गॅरेजमध्ये गेला. जाड प्लायवूड आणलं, करवत आणली. मृणाल स्टॅनमोरहून फोनवर ओरडत होती, "बाबा, यू आर नॉट अ कारपेंटर! फिंगर्स कापून घेशील!" त्यावर हा म्हणाला, "मी आयुष्यभर दुसरं काय केलं? तेव्हा तर माणसं होती, हे नुसतं लाकूड आहे." त्याने एक भक्कम चौरंग केला. चांगला खुर्चीएवढा मोठा, चार जाड पायांचा, कडेला बोटभर उंच काठ, म्हणजे खुर्ची सरकायला नको, आणि पायांना खालून रबर. शैलाने पाय टेकायला पुढे एक पायरी. पॉलिश पेपरने घासून घासून त्याने तो इतका गुळगुळीत केला की हात फिरवत राहावासा वाटे. ज्या माणसाने उभी हयात लाकूड नसलेल्या खुर्चीची गाणी गायली, त्याने तिच्या खाली लाकूड घातलं. जेम्माला मुद्दाम बोलावलं. तिने चौरंग हलवून पाहिला, शैलाला बसवून पाहिलं आणि मान डोलावली.

खुर्ची खरोखरच विचित्र दिसत होती, हे मान्य करायला हवं. गणपतीसाठी मृणाल आली, तिने दारातूनच पाहिलं आणि म्हणाली, "आई, तू एकदम बाप्पा दिसते." शैला हसून हसून लाल झाली. मी अच्युतला विचारलं, "आणि तुझी? तीही उचल ना, म्हणजे दोघं सारख्या उंचीवर." तो म्हणाला, "नाही. एक तरी ओरेस्तेने केली तशीच राहू दे." म्हणून मग ती वर आणि तो खाली, असा त्यांचा संसार सुरू झाला. त्या वर्षीच्या कीर्तनात कारखाना वाचला, टाळ्या पडल्या, आणि शैलाने तोंड उघडायच्या आत अच्युत स्वतःच म्हणाला, "आता तो कशावर बसायचा ते सांगतो." त्याने गवताच्या खुर्चीची गोष्ट सांगितली. आईची खुर्ची, खिडकी, पाठदुखी, सगळं. हॉल हसला. शैला मात्र हसली नाही, तिने टाळी वाजवली, एकटीनेच, आणि बराच वेळ वाजवली.

पुढची दोन वर्षं त्यांनी तसा चहा घेतला. त्यात एक नवीच गोष्ट झाली होती, जी त्या दोघांनाही ठाऊक नसावी. शैला चौरंगावर उंच बसायची, अच्युत शेजारी खाली, आणि त्याचं टक्कल बरोबर तिच्या हाताखाली यायचं. चहा पिता पिता तिचा डावा हात त्याच्या डोक्यावर जाऊन बसायचा. तो पेपर वाचत असायचा, ती बाहेर बघत असायची, बोलणं भाजीचं, मृणालचं, कौन्सिलने न भरलेल्या खड्ड्यांचं. आमच्या पिढीतल्या नवरा-बायकोंनी एकमेकांना चारचौघांत कधी हातसुद्धा लावला नाही. मी समोर बसलेली असायची आणि तो हात तिथेच असायचा. मला इतकं बरं वाटायचं ते बघून, की मी मुद्दाम दुसरा कप मागायची.

क्रिमेटोरियमच्या तारखेसाठी इथे थांबावं लागतं, आम्हीही थांबलो. तिथले बाक लाकडी, कडक, आणि शैलाला नीट बसता येईना तेव्हा मृणाल रडता रडता म्हणाली, "बाबा असते तर म्हणाली असती, हू डिझाइन्ड धिस." सगळे हसलो. अच्युतच्या अंत्यविधीला लोक हसत होते, हे मी कुणालाही अभिमानाने सांगेन.

गेल्या आठवड्यात शैलाकडे गेले. ती आपल्या चौरंगावर होती. खिडकीत ऊन होतं. मी नेहमीसारखी जेवणघरातून खुर्ची ओढून आणायला लागले, तर म्हणाली, "ती नको. इथे बस." इथे म्हणजे खालच्या खुर्चीवर. मी म्हटलं, "शैला, माझे गुडघे बघ. मला उठता येणार नाही." म्हणाली, "पाहुण्याने लवकर उठू नये अशीच खुर्ची आहे ती. बस." बसले. इतक्या वर्षांत त्या खुर्चीवर मी पहिल्यांदाच नीट, पाठ टेकून बसले असेन. खरंच कवेत घेते. शैलाने थर्मासमधून चहा ओतून दिला. मृणाल तिला स्टॅनमोरला चल म्हणते, ती जाणार नाही, निदान इतक्यात नाही, असं ती सांगत होती. तिकडच्या घरात चौरंग ठेवायला जागा नाही. मी हं हं करत होते. बोलता बोलता तिचा डावा हात खाली आला आणि माझ्या डोक्यावर बसला.

अच्युतला टक्कल होतं, मला केस आहेत. तिची बोटं एकदम थबकली. मी वर पाहिलं नाही. हात उचलला जाईल असं मला वाटलं. पण तो गेला नाही. थोड्या वेळाने बोटं सैल झाली, केसांत जरा फिरली, आणि शैला मृणालबद्दलचं तिचं अर्धं राहिलेलं वाक्य पुढे बोलायला लागली.